सोहारला उतरवलेला कंटेनर आणि बाकीचे तीन

वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) एका तरुण कारखानदारांचं पत्र आलं. व्हॉल्व्ह बनवतात, वडिलांनंतर निर्यात तेच बघतात. पत्रातला मुद्दा थोडक्यात असा :

"ताई, आमचे चार कंटेनर सध्या चार ठिकाणी आहेत. पहिल्याचा माल कारखान्यात तयार आहे, रॉटरडॅमसाठी, एफओबी मुंद्रा. दुसरा मुंद्र्याच्या यार्डात तीन आठवडे पडून आहे, दोनदा रोल झाला. तोही रॉटरडॅमचाच, पण सीआयएफ आणि एलसीवर. तिसरा समुद्रात आहे, जेद्दाला चाललाय, सीएफआर. आता लाइनने युद्धाचा म्हणून जादा सरचार्ज लावलाय. चौथा दम्मामचा होता. तो ओमानमध्ये सोहारला उतरवला आणि पत्र पाठवलं की आमची वाहतूक इथे संपली. जादा पैसे कोणी भरायचे? फोर्स मेजर म्हणून हात वर करता येतील का? आणि नव्या ऑर्डरी घ्यायच्या की थांबायचं?"

ज्यांना हे शब्द नवे आहेत त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. लाइन म्हणजे जहाज कंपनी. रोल होणं म्हणजे ठरलेल्या बोटीत जागा न मिळून पुढच्या बोटीवर ढकललं जाणं. एफओबीमध्ये माल बोटीवर चढेपर्यंतचा खर्च विकणाऱ्याचा, सीएफआरमध्ये समुद्राचं भाडंही त्याचं, सीआयएफमध्ये विमाही. एलसी म्हणजे कागद बरोबर असतील तर पैसे देण्याची बँकेची हमी. फोर्स मेजर म्हणजे युद्ध-पुरासारखं हाताबाहेरचं कारण.

मी वडोदऱ्यात कस्टम्स क्लिअरिंग आणि फॉरवर्डिंगचं काम १९९७पासून करते. रावपुऱ्यात काकांच्या ऑफिसात टाइपरायटरवर शिपिंग बिलं टाइप करण्यापासून सुरुवात केली. तेव्हापासून एक गोष्ट बघत आलेय. तिकडे आखातात किंवा तांबड्या समुद्रात काही पेटलं की माणसं मोबाइलवर क्षेपणास्त्राचा व्हिडिओ घेऊन येतात आणि विचारतात, आता काय होणार? मी म्हणते, ते बाजूला ठेवा. कंटेनर आत्ता कुठे आहे, आणि त्याचं ओरिजिनल बीएल (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे लाइनने दिलेली मालाची पावती आणि हक्काचा कागद) आत्ता कोणाच्या हातात आहे, एवढं सांगा. या दोन उत्तरांवर तुमचं नव्वद टक्के काम ठरतं. गेल्या काही वर्षांत माझ्या गिऱ्हाइकांचा एकही कंटेनर क्षेपणास्त्राने गेला नाही. पैसे मात्र पुष्कळ गेले, आणि ते सगळे दिवसांत आणि कागदांत गेले.

म्हणून तुम्ही विचारलंत त्या क्रमाने उत्तर देत नाही. आधी सोहार.

लाइनने असं मधेच उतरवलेलं तुम्हाला बेकायदा वाटतंय, पण बीएलच्या मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत याची परवानगी तुम्हीच दिलेली असते. जहाज, खलाशी किंवा माल यांना धोका दिसला तर सोयीच्या कुठल्याही बंदरात माल उतरवून वाहतूक संपली असं जाहीर करायचा हक्क जवळजवळ प्रत्येक लाइन राखून ठेवते, आणि पुढचा खर्च मालवाल्याचा. तेव्हा भांडणात पहिले चार दिवस घालवू नका. भांडण नंतर करता येतं. डिटेन्शनचं, म्हणजे लाइनचा कंटेनर जास्त दिवस अडकवल्याच्या भाड्याचं, मीटर आज चालू झालंय.

पहिलं काम विमा कंपनीला लेखी कळवण्याचं. आजच, ई-मेलने, ब्रोकरला प्रत टाकून. याचं कारण पॉलिसीत आहे. निर्यातीला आपण जी 'आयसीसी ए' (मालविम्याची ठरीव, सगळ्यात व्यापक) कलमं घेतो त्यांत लिहिलंय की तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने वाहतूक दुसऱ्याच बंदरात संपली, तर विमाही तिथेच संपतो. मात्र तुम्ही लगेच कळवून विमा चालू ठेवायला सांगितलं, तर तो चालू राहतो, कदाचित थोडा प्रीमियम वाढवून. माल सोहारला पोहोचल्यापासून ६० दिवसांची मुदत असते. 'लगेच' म्हणजे किती, हे कुठेही लिहिलेलं नाही, आणि तिथेच गोची होते.

मी स्वतः या खड्ड्यात पडलेय. २०२४मध्ये पादरा गावच्या एका गिऱ्हाइकाचा जेद्दाचा माल असाच वाटेत उतरला. मी मोठी हुशारी केली, दोन दिवसांत ट्रक ठरवला, तिसऱ्या दिवशी माल रस्त्याला लावला. सगळ्यांनी पाठ थोपटली. विमा कंपनीला मात्र नवव्या दिवशी कळवलं, तेही ट्रकमध्ये पाणी शिरून अर्ध्या पेट्या भिजल्यावर. सर्व्हेअरने एकच प्रश्न विचारला : हा ट्रकचा प्रवास कोणाला विचारून सुरू केला? पाच महिने पत्रव्यवहार करून क्लेमचा निम्मा भाग पदरात पडला, आणि गिऱ्हाइकाची नाराजी मी उरलेल्या निम्म्याच्या बरोबरीची धरते. तेव्हापासून माझ्या ऑफिसात नियम आहे : ट्रकवाल्याला फोन करायच्या आधी विम्याचा ई-मेल.

युद्धाच्या विम्याचं आणखी एक बघा, कारण तुमच्या पॉलिसीत तो आहे म्हणून तुम्ही निर्धास्त असाल. साध्या 'ए' कलमांत युद्ध वगळलेलं असतं. ते वेगळ्या युद्धकलमांनी घ्यावं लागतं. आणि ती कलमं फक्त पाण्यावरची असतात. माल जहाजावर चढला की सुरू, शेवटच्या बंदरात उतरला की संपली. जहाज बंदरात पोहोचून माल उतरलाच नाही तर १५ दिवसांनी संपली. म्हणजे सोहारच्या धक्क्यावर तुमच्या कंटेनरला आज युद्धाचं संरक्षण नाही. पुन्हा जहाजाने दम्मामला पाठवायचा झाला, तर निघण्याआधी कळवून, प्रीमियम भरून ते परत लावून घ्यावं लागेल. शिवाय युद्धाच्या भीतीने मधेच उतरवलेला माल पुढे नेण्याचा खर्च या पॉलिसीत बहुधा मिळत नाही. उशिराचं नुकसान तर कधीच मिळत नाही, कारण उशीर सरळसरळ वगळलेला आहे.

हा पुढचा खर्च एका ठिकाणी मिळू शकतो आणि ते बहुतेकांना माहीत नसतं. तुमच्याकडे ईसीजीसीची, म्हणजे निर्यातीच्या उधारीचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीची, पॉलिसी आहे का? लोक ती फक्त खरेदीदार बुडाला तर पैसे मिळावेत म्हणून घेतात. पण तिच्या राजकीय जोखमींच्या यादीत हेही आहे : भारताबाहेर प्रवास खंडित झाला किंवा वळवावा लागला, त्यामुळे वाहतुकीचा वा विम्याचा जादा खर्च आला, आणि तो खरेदीदाराकडून वसूल होऊ शकला नाही. तुमची पॉलिसी कपाटातून काढा आणि ते पान वाचा. 'वसूल होऊ शकला नाही' याचा पुरावा लागतो, म्हणून खरेदीदाराला आजच लेखी मागणी पाठवा. तो नाही म्हणेल. ते 'नाही'च तुम्हाला हवंय.

आता माल हलवायचा कसा? आखात म्हणजे एकच पत्ता, असं आपल्याकडे सर्रास धरतात. तसं नाही. दम्माम, जेबेल अली, कुवेत, दोहा ही सगळी होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आत आहेत. सोहार, फुजैरा, खोर फक्कान ही बाहेर आहेत, तिथे पोहोचायला होर्मुझ ओलांडावं लागत नाही. म्हणूनच तुमचा डबा सोहारला उतरला. तिथून दम्मामला रस्ता आहे. एक वाट अमिरातीतून जाते, दोन सीमा लागतात. दुसरी रुब अल खालीच्या वाळवंटातून ओमान-सौदीची थेट सीमा, ती डिसेंबर २०२१मध्ये खुली झाली. लाइन आपला कंटेनर सीमेपलीकडे नेऊ देईलच असं नाही. बऱ्याचदा माल सोहारला ट्रकमध्ये बदलून घ्यावा लागतो आणि रिकामा कंटेनर तिथेच परत करावा लागतो. हे करून घ्या, म्हणजे निदान डिटेन्शन तरी थांबेल. व्हॉल्व्हच्या लाकडी पेट्या मोजून, फोटो काढून, नवीन सीलचे नंबर लिहून.

हे सगळं वडोदऱ्यात बसून तुम्ही करू नका. दम्मामच्या खरेदीदाराचा क्लिअरिंग एजंट तुमच्यापेक्षा दहापट लवकर करेल, कारण सौदी कस्टम्समध्ये माल खरेदीदाराच्याच नावावर सुटणार आहे. तुमचं काम म्हणजे त्याला कागद देणं : बीएल, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, आणि लाइनचं ते वाहतूक संपल्याचं पत्र. ते पत्र फेकू नका, पुढे प्रत्येक जण तेच मागणार आहे. पैसे मात्र आधी ठरवा. तुम्ही सांगितलं नाहीत, पण दम्मामचा व्यवहार डीपीवर (खरेदीदाराने पैसे भरले की मगच बँक कागद देते) असेल आणि पेमेंट झालेलं नसेल, तर ओरिजिनल बीएल बँकेत आहे तोवर माल तुमचा. खर्च अर्धा-अर्धा करू म्हणायला हीच वेळ बरी. माल त्याच्या गोदामात पोहोचल्यावर तुमचा आवाज कोण ऐकणार?

आता दुसरा, मुंद्र्याचा. हा मला सोहारपेक्षा कमी घाईचा वाटत नाही, फक्त आवाज कमी करतोय. एलसीतली लेटेस्ट शिपमेंट तारीख बघा. रोल झाला म्हणजे बीएलची तारीख पुढे गेली, आणि तारीख उलटून गेली तर बँकेच्या लेखी तुम्ही करार मोडलात. युद्ध होतं की पूर होता याच्याशी बँकेला देणंघेणं नाही. यूसीपी ६००चं, म्हणजे एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांचं, ३६वं कलम लोक आपल्या बाजूचं समजतात. वाचून बघा, ते बँकेच्या बाजूचं आहे : युद्धामुळे बँकेचं काम बंद पडलं आणि त्या काळात एलसी संपली, तर नंतर ती पैसे द्यायला बांधील नाही. तुमच्या उशिराला त्यात कुठेही माफी नाही. म्हणून तारखेआधी खरेदीदाराकडून अमेंडमेंट घ्या, शिपमेंटची तारीख आणि एक्सपायरी दोन्ही वाढवून. एकच वाढवली तर दुसरी अडकवते.

या दिवसांत एखादा एजंट कानात सांगतो की जुन्या तारखेचं बीएल काढून देऊ, कोण बघतंय. माझं ऐका, करू नका. जहाज कधी कुठे होतं हे आता शाळकरी पोरही मोबाइलवर बघतं. बीएलची तारीख मागे घालणं ही फसवणूक आहे, आणि ती उघडी पडली की युद्ध, विमा, ईसीजीसी सगळं बाजूला राहून फक्त तेवढंच उरतं.

"मग लाइनच बदलू का?" हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. कंटेनर लाइनचा असतो, तुमचा नाही. लाइन बदलायची म्हणजे माल या डब्यातून त्या डब्यात भरायचा, नवं सील, नवं व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरच्या वजनाचा दाखला), शिपिंग बिलात दुरुस्ती, आणि बंदरही बदललं तर त्याची वेगळी दुरुस्ती. यात आठवडा सहज जातो. दुसऱ्या लाइनने जागा लेखी पक्की केली असेल आणि तिची बोट तुमच्या यार्डापासून खरंच आठ-दहा दिवसांवर असेल, तरच. नाहीतर पहिल्याच लाइनच्या मागे लागा, आणि स्थानिक एजंटाला नाही, मुंबईच्या ऑफिसला.

एक तारीख डायरीत लिहून ठेवा. एलयूटीवर, म्हणजे जीएसटी न भरता माल काढला असेल, तर इन्व्हॉइसच्या तारखेपासून तीन महिन्यांत माल देशाबाहेर जायला हवा. यार्डात पडलेला माल गेला, असं कायदा म्हणत नाही. मुदत टळणार असं दिसलं तर आधी अर्ज करून वाढवून घ्या, नाहीतर टॅक्स आणि वर १८ टक्के व्याज. पैसे भारतात आणण्याची मुदत मात्र आता सैल आहे, रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२५मध्ये ती ९ महिन्यांवरून १५ महिने केली.

माल बंदरात अडकण्याला नेहमी तांबडा समुद्रच लागतो असंही नाही. मे २०२५ आठवा. २ तारखेला पाकिस्तानातून, थेट किंवा फिरवून, येणाऱ्या सगळ्या मालावर बंदी आली, त्यांच्या झेंड्याच्या जहाजांना आपली बंदरं बंद झाली, त्यांनीही उलट तेच केलं. आपल्याला वाटलं, आपला त्यांच्याशी व्यापार तो किती! पण एकाच फेरीत कराची आणि मुंद्रा किंवा न्हावा शेवा करणाऱ्या बोटी होत्या. त्यांच्या पोटात कराचीचे डबे, आणि ते घेऊन आपल्या बंदरात येता येईना. फेऱ्या रातोरात बदलल्या. पाकिस्तानशी एका पैशाचा धंदा नसलेले माझे दोन गिऱ्हाईक त्यात दोन-दोन आठवडे थांबले. म्हणून बुकिंगच्या वेळी 'कुठली लाइन' यासोबत 'ही फेरी मधे कुठे-कुठे थांबते' हेही विचारत जा.

तिसरा कंटेनर, जेद्दाचा. जेद्दा तांबड्या समुद्रातच आहे, पण त्या समुद्राचं दक्षिणेचं तोंड (बाब अल मंदेब) धोक्याचं असलं तरी उत्तरेकडून, सुएझच्या बाजूनेही तिथे जाता येतं. मग माल आफ्रिकेला वळसा घालून भूमध्य समुद्रातून खाली येतो. हसू नका, असं होतं. किंवा लाइन दम्मामला उतरवून ट्रकने जेद्दाला नेते, होर्मुझ शांत असेल तर. लाइन काय करणार आहे ते लेखी विचारा.

सरचार्जबद्दल. सीएफआरमध्ये भाड्याचा करार तुम्ही केलात, बीएलवर 'फ्रेट प्रीपेड' आहे, म्हणून बिल तुम्हालाच आलं. इन्कोटर्म्स, म्हणजे एफओबी-सीएफआर यांचा अर्थ ठरवणारे आंतरराष्ट्रीय नियम, म्हणतात की प्रवासातला खर्च खरेदीदाराचा, पण वाहतुकीच्या करारानुसार तो विकणाऱ्यावर पडत असेल तर विकणाऱ्याचा. आणि बीएलच्या मागे तो मालवाल्यावरच टाकलेला असतो. तेव्हा लाइनशी तुमचा हिशेब हा, आणि खरेदीदाराकडून किती मिळेल हे तुमच्या पीओत (खरेदीच्या ऑर्डरीत) काय लिहिलंय त्यावर. तरीही बिल आलं की मुकाट्याने भरू नका. हा सरचार्ज कुठल्या तारखेपासून लागू, बीएलची तारीख त्याआधीची आहे का, तुमच्या कोटेशनमध्ये 'ऑल-इन' लिहिलं होतं का की 'शिपमेंटच्या वेळी लागू असलेले सरचार्ज वेगळे', हे तीन प्रश्न ई-मेलने टाका. जानेवारी २०२४मध्ये आधीच समुद्रात असलेल्या मालावरही सरचार्ज लावले गेले होते, आणि ज्यांच्याकडे ऑल-इन कोटेशन होतं त्यांच्यापैकी माझ्या दोन-तीन गिऱ्हाइकांना तो माफ झाला. बाकीच्यांनी भरला. भरायची वेळ आली तर 'हरकत राखून भरतो' असं लिहून भरा, पण डबा अडवून ठेवू नका.

मधेच दुसऱ्या बंदराला वळवावा असं डोक्यात आलं असेल, तर ओरिजिनल कुठे आहेत ते आठवा. डेस्टिनेशन बदलायला तिन्ही ओरिजिनल बीएल लाइनला परत द्यावी लागतात. ती बँकेत गेली असतील तर बँक आणि खरेदीदार दोघांच्या संमतीशिवाय तुम्ही त्या कंटेनरचे मालक असूनही प्रवासीच.

अजून एक, अगदी विरळ पण महाग. जहाजाला खरंच काही झालं, आग लागली, तर जहाजमालक 'जनरल अ‍ॅव्हरेज' जाहीर करतो आणि वाचवण्याचा खर्च सगळ्या मालवाल्यांत वाटतो. २०२१मध्ये सुएझमध्ये एव्हर गिव्हन अडकलं तेव्हा हेच झालं. ज्यांचा विमा असतो त्यांची हमी विमा कंपनी देते. ज्यांचा नसतो त्यांनी रोख अनामत भरल्याशिवाय माल सुटत नाही, त्यांच्या पेटीला ओरखडाही नसला तरी. सीएफआरमध्ये विमा खरेदीदाराचा. त्याने काढलाय का, हे विचारलंत कधी?

पहिला कंटेनर सगळ्यात सोपा, कारण माल अजून तुमच्या शेडमध्ये आहे. बोटीची जागा पक्की होईपर्यंत रिकामा कंटेनर उचलूच नका. घाई करून भरलात की लाइनचे फुकट दिवस संपायला लागतात, आणि मुंद्र्याच्या यार्डाचं भाडं मकरपुऱ्याच्या शेडपेक्षा नेहमीच जास्त. एफओबी आहे, म्हणजे आपली जबाबदारी काही नाही, हा समज मात्र काढून टाका. माल बोटीवर चढेपर्यंत जोखीम तुमची. खरेदीदाराने नेमलेली बोट ठरल्या वेळी आली नाही किंवा तिने माल घेतला नाही, तर ती जोखीम त्याच्यावर जाते, नियम तुमच्या बाजूचा आहे. पण तो ठरलेल्या तारखेवर उभा आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेक पीओमध्ये 'प्रॉम्प्ट' एवढंच लिहिलेलं असतं. कंटेनरच्या मालाला खरं तर एफसीए बरं. एफसीए दशरथ लिहा. दशरथच्या आयसीडीत (बडोद्याजवळचा कस्टम्सचा कंटेनर डेपो) खरेदीदाराच्या लाइनकडे डबा सोपवला की जोखीम त्याची, मग तो मुंद्र्यात तीनदा रोल होवो. तीस वर्षं सांगतेय, पण बँकेच्या फॉर्मवर एफओबी छापलेलं असतं म्हणून सगळे एफओबी लिहितात.

फोर्स मेजर. यावर मला एक जुनी केस फार आवडते. १९५६मध्ये सुदानच्या शेंगदाण्याचा सौदा झाला, सीआयएफ हँबर्ग. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये माल चढवायचा होता, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच सुएझ बंद. विकणाऱ्यांनी हात वर केले. ही त्साकिरोग्लूची केस १९६१मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेली आणि निकाल आला की केपला, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, वळसा घालून माल पाठवता आला असता. महाग पडला असता, वेळ लागला असता, पण अशक्य नव्हतं. विकणारे हरले. आपल्याकडेही २०१७मध्ये एनर्जी वॉचडॉगच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तेच म्हटलं : भाव वाढला म्हणून करारातून सुटका होत नाही. तेव्हा रॉटरडॅमच्या दोन्ही मालांवर फोर्स मेजरचं पत्र पाठवू नका. सोहारच्या बाबतीत करारात तसं कलम असेल, त्यात युद्ध किंवा बंदर बंद होणं लिहिलेलं असेल, तर मुदत वाढवून मागण्यासाठी वापरा. पैसे बुडवायला ते चालणार नाही.

केपच्या वळशाचं गणित इथेच सांगते, कारण नव्या ऑर्डरींचा प्रश्न त्यावर आहे. १९ नोव्हेंबर २०२३ला येमेनच्या हूथी बंडखोरांनी गॅलेक्सी लीडर हे जहाज पकडलं आणि डिसेंबरच्या मध्यापासून मोठ्या लाइन्स केपकडे वळल्या. बाब अल मंदेबमधून जाणारी जहाजं तेव्हा आपल्या ट्रान्सपाँडरवर 'आमचा इस्रायलशी संबंध नाही', 'सगळे खलाशी चिनी' असं लिहून जात होती, ट्रकच्या मागे लिंबू-मिरची बांधावी तसं. चीनहून युरोपला जाणाऱ्याला केपचा फेरा साधारण तिसऱ्या हिश्श्याने लांब पडतो. आपण सुएझच्या जवळ, म्हणून आपल्याला जास्त लागतं : मुंबईहून रॉटरडॅमचं अंतर दीडपटीहूनही अधिक होतं. दहा ते चौदा दिवस जादा. तेवढीच जहाजं, तेवढेच डबे, पण प्रत्येक जण जास्त दिवस बाहेर, त्यामुळे रिकामे चाळीस फुटी आधी दशरथला संपतात आणि मग पेपरात बातमी येते. जहाजांच्या धुरावर युरोप लावतो तो कार्बनचा खर्चही यात मिसळतो. तो २०२४च्या उत्सर्जनाच्या ४० टक्क्यांवर होता, २०२५च्या ७० टक्क्यांवर, २०२६पासून पूर्ण. लांब वाट म्हणजे जास्त तेल, म्हणजे तोही जास्त. बिलात तो युद्धाच्या सरचार्जच्या शेजारी बसतो, म्हणून लोक त्यालाही युद्धच समजतात. लढाई थांबली तरी तो जाणार नाही.

उशीर किती महाग, हे एकदा कागदावर मांडा. चाळीस लाखांचा माल, १० टक्के व्याज, १५ दिवस : साधारण साडेसोळा हजार रुपये. करारात आठवड्याला अर्धा टक्का दंड असेल तर दोन आठवड्यांचे चाळीस हजार. व्हॉल्व्ह म्हणजे निव्वळ लोखंड, विमानाने घनफळावर नाही तर वजनावरच लागतात, आणि मग चाळीस हजार ही रक्कम किरकोळ वाटायला लागते. गेल्या वर्षी एकाने घाबरून अख्खा ऑर्डर विमानाने पाठवला आणि वर्षाचा नफा घालवला. साइट थांबली असेल, खरेदीदार ओरडत असेल, तर त्याला अडलेले चार-सहा व्हॉल्व्ह तेवढे विमानाने द्या, बाकीचे समुद्राने.

ऑर्डरी घ्या. थांबून काय होणार? १९६७ला सुएझ बंद झाला तो १९७५मध्ये उघडला. आठ वर्षं कोण थांबलं? फक्त कोटेशन बदला. मालाची किंमत वेगळी, भाडं वेगळं, आणि भाड्यापुढे लिहा की सात दिवस वैध, युद्ध आणि वळशाचे सरचार्ज प्रत्यक्ष बिलाप्रमाणे खरेदीदाराचे. पोहोचण्याची तारीख कबूल करू नका. दंड लागायचाच तर तो बीएलच्या तारखेवरून. सीआयएफ विकत असाल तर एक ध्यानात घ्या : इन्कोटर्म्स २०२०प्रमाणे सीआयएफमध्ये तुम्हाला फक्त सगळ्यात किमान, 'सी' कलमांचा विमा द्यावा लागतो, आणि युद्धाचा तर खरेदीदाराने मागितला तरच, त्याच्या खर्चाने. ते त्याला आधी सांगा, विकत घ्यायला लावा. विमा कंपनी युद्धाचं कव्हर सात दिवसांच्या नोटिसीने काढून घेऊ शकते, म्हणून तणाव दिसला की ब्रोकरला फोन करून दर आणि नोटीस दोन्ही विचारा. डेस्टिनेशनला चौदा दिवसांऐवजी एकवीस फुकट दिवस बुकिंगच्या वेळीच मागा, तेव्हा मिळतात, नंतर नाही.

जाता जाता : बडोदा संस्थानाला समुद्र हवा होता म्हणून त्यांनी थेट द्वारकेपलीकडे ओख्याला स्वतःचं बंदर बांधलं. आपल्याला मुंद्रा, हजीरा, पिपावाव, न्हावा शेवा असे चार दरवाजे आहेत आणि आपण सवयीने एकाच दारात रांग लावतो. पुढच्या बुकिंगला निदान दोन ठिकाणचे दर मागवा.

आता हे पत्र बाजूला ठेवा. आज बुधवार. ओमानात आणि सौदीत शुक्रवार-शनिवार सुटी, म्हणजे तुमच्या हातात उद्याचा एकच कामाचा दिवस आहे. विमा कंपनीला ई-मेल आज रात्रीच जाऊ दे, सोबत लाइनचं पत्र आणि बीएलची प्रत. दम्मामच्या एजंटाला सकाळी साडेअकराच्या आधी फोन करू नका, त्यांचे नऊ तेव्हा वाजतात. आणि मुंद्र्याच्या एलसीची तारीख मला कळवा, ती तुम्ही पत्रात लिहिलेली नाही.